पाहुण्याला सस्क्वेहॅनावर मासे पकडायला न्यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंजिनिअरिंगचा जुना मित्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून येतोय. हातात एकच शनिवार आहे. तुम्ही अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गजवळ मेकॅनिक्सबर्गला राहता, तळ्यात लार्जमाउथ बास पकडायचा दोन वर्षांचा सराव आहे, आणि त्याला सस्क्वेहॅना नदीवर स्मॉलमाउथ बास पकडायला न्यायचंय. कुठे जावं, कयाक (वल्ह्याची निमुळती छोटी नाव) भाड्याने घ्यावी का, आमिषं कोणती, आणि दिवसाला साधारण किती मासे मिळतील?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच गडबड आहे. किती मासे मिळतील, हे तुम्हाला हवंय. तुमच्या मित्राला नव्हे. तो जवळजवळ वीस तासांचा प्रवास करून तुम्हाला भेटायला येतोय. तेव्हा खरं कोडं असं आहे की नदी न पाहिलेल्या माणसाच्या गळाला चार-पाच तासांत एक तरी सणसणीत मासा लागावा आणि त्या धांदलीत दोघांना बोलायला उसंत उरावी. हे एकदा ठरलं की जागा, बोट, आमिष, सगळं बदलतं.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतो. मी मूळचा कराडचा. १९९९मध्ये वायटूकेच्या (संगणकांतल्या २००० सालच्या तारखेच्या घोळाच्या) लाटेत हॅरिसबर्गला येऊन पडलो आणि इथलाच झालो. ज्या मित्राबरोबर शाळेत असताना कृष्णेवर वेळूची काठी, तंगूस आणि गांडुळं घेऊन बसायचो, तो २००८च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा इकडे आला. मी जोशात येऊन जुनियाटा नदीवर अकरा मैलांचा पल्ला आखला. दोन कयाक, एक गाडी वरच्या टोकाला लावलेली, एक खालच्या. पाणी कमी होतं. कयाक दर फर्लांगाला दगडांवर घासायच्या, मग उतरून ओढायच्या. मित्र आयुष्यात पहिल्यांदा कयाकमध्ये बसलेला. मी पुढच्या खळाळावर, तो मागे दोनशे यार्डांवर, मधे नुसता वारा. अंधार पडताना पोहोचलो. माझे चौदा मासे झाले होते, त्याचे दोन, तेही बोटभर. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "मासे झकास होते रे तुझे." त्यातला 'तुझे' मला अजून टोचतो.

२०१६मध्ये तो पुन्हा आला तेव्हा मी सगळं उलटं केलं. खाली जे सांगतोय ते बरंचसं त्या दुसऱ्या दिवसावरून.

आधी मासा समजून घ्या, कारण तुमचा तळ्याचा सराव इथे थोडा आडवा येईल. लार्जमाउथ म्हणजे स्वभावाने आपली मरळ समजा. साठलेलं पाणी, पाणवनस्पती, बुडालेली झाडं, आणि दबा धरून बसणं. स्मॉलमाउथ मात्र महसीरच्या वळणाचा आहे. त्याला वाहतं, हवा खेळलेलं पाणी आणि तळाशी दगडगोटे लागतात. ब्राँझसारखा रंग, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याखालीच थांबलं तर स्मॉलमाउथ. खाणं मुख्यतः क्रेफिश, म्हणजे झिंग्याचा आडदांड चुलत भाऊ म्हणा, आणि छोटे मासे. गंमत म्हणजे हा मासाही इथला नाही, आपल्यासारखाच बाहेरून आलेला. अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांमध्ये तो नव्हताच. १८५४मध्ये ओहायोच्या खोऱ्यातून रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून त्याला पोटोमॅक नदीच्या काठी आणून सोडलं, आणि सस्क्वेहॅनात तो त्याच्याही नंतर आला. माझ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हा पण एच-वन व्हिसावर आलेला!"

आता ऑगस्ट. या नदीवर ऑगस्टमध्ये दुपार म्हणजे मेलेली वेळ. हॅरिसबर्गपाशी पात्र जवळजवळ मैलभर रुंद आणि बहुतेक ठिकाणी उथळ, त्यामुळे पाणी सहज ८० अंश फॅरनहाइटच्या वर तापतं. मासे सुस्तावतात आणि माणसंही. म्हणून "दिवसभर" हा शब्दच डोक्यातून काढा. दिवसाचे दोन तुकडे करा. पहाटे साडेपाचला पाण्याशी पोहोचा, दहा-साडेदहाला काठावर या. मग घर, आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा, अंधार पडेपर्यंत. तुम्ही जिथे राहता तिथून हे सहज जमतं, आणि मधल्या चार तासांच्या वामकुक्षीनंतर तुमचा जेटलॅगवाला पाहुणा संध्याकाळी माणसात असेल. पहिल्या खेपेला मी माझ्या मित्राला दुपारी दोन वाजता नदीच्या मधोमध भाजून काढलं होतं.

बोट की पायी, हे तीन गोष्टींवर ठरेल आणि त्या तिन्ही मला इथून दिसत नाहीत : त्या आठवड्यातलं पाणी, मित्राचे गुडघे, आणि त्याला पोहता येतं का. यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर हॅरिसबर्गच्या मापकाची पातळी रोज पाहत जा. साडेतीन-चार फुटांच्या आसपास असेल तर उतरायला पाणी चांगलं. पाचच्या वर गेलं की मी नवख्या माणसाला पाण्यात उभं करत नाही, मग आकाश कितीही निळं असो. (हा आकडा मापकाचा आहे, पाण्याची खोली नव्हे. नाहीतर चार फूट वाचून लोक घाबरतात. त्याच मापकावर पुराची पातळी १७ फूट धरतात.)

पाणी कमी आणि गुडघे बरे असतील तर माझं मत पायी उतरण्याचं. दोघं वीस फुटांवर उभे राहता, बोलता येतं, एकाचा मासा दुसऱ्याला दिसतो. कयाकमध्ये यातलं काहीच होत नाही. गुडघे बरे नसतील तर सरळ खिशात हात घाला आणि अर्ध्या दिवसासाठी वाटाड्या घ्या. इथले वाटाडे जेट मोटरच्या चपट्या बोटी किंवा राफ्ट वापरतात, कारण कातळाच्या पायऱ्यांवर साधा पंखा पहिल्या तासात मोडेल. दोघं एका बोटीत बसता, गाठी तो मारतो, अडकलेलं आमिष तो सोडवतो, तुम्ही गप्पा मारा. हौशी लोकांना यात कमीपणा वाटतो. मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र "परिस्थितीवर अवलंबून" वगैरे काही नाही. हॅरिसबर्ग शहराच्या खाली डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा आहे. वरून पाहिलं तर पाण्यावर नुसती एक रेघ दिसते. खाली पाणी उलटं फिरतं आणि माणसाला, बोटीला, ओंडक्याला धरून ठेवतं. तिथे अनेक जीव गेलेत. शहरापाशी नाव टाकून वाहत खाली जायचं नाही, विषय संपला. पायी उतरतानाही दोघांनी लाइफ जॅकेट घाला आणि तळव्याला खिळे असलेले बूट मित्रासाठी कुठून तरी मिळवा. या नदीतलं शेवाळ म्हणजे तेल लावलेली फरशी आहे. पाय घसरून धारेत सापडलात तर उभं राहायची घाई करू नका, पाय दगडांच्या सांदीत अडकतो. पाठीवर पडायचं, पावलं पुढे ठेवायची आणि उथळ येईपर्यंत वाहत जायचं. हे मित्राला गाडीतच सांगा, पाण्यात नाही.

जागा. मी नेमका दगड सांगणार नाही (कोणीच सांगत नाही), पण डॉफिन ते डंकॅनन हा पट्टा तुमच्यासाठी उत्तम. इथे नदी ॲपलाचियन डोंगरांच्या रांगा एकामागून एक कापत येते, म्हणून पात्रात कातळाच्या आडव्या पायऱ्या आहेत. डॉफिनच्या खिंडीत जुन्या पुलाच्या खांबावर स्वातंत्र्यदेवतेची छोटी प्रतिकृती उभी आहे. १९८६मध्ये कोणीतरी प्लायवूड आणि खिडकीच्या पट्ट्या वापरून गुपचूप उभारली, ती वाऱ्याने गेली, मग १९९२मध्ये पक्की बसवली. माझा मित्र दोनच दिवस आधी न्यूयॉर्कला रांगेत तीन तास उभा राहून खरी पाहून आला होता. ही बघून म्हणाला, "आधी सांगायचंस ना, तिकिटाचे पैसे वाचले असते."

डंकॅननपाशी जुनियाटा येऊन मिळते. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात तसा देखणा संगम नाही हा, पण एक कामाची गोष्ट शिकवतो. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाहीत. पश्चिम काठाने कित्येक मैल जुनियाटाचं पाणी वेगळं वाहतं. पश्चिमेकडे पाऊस झाला असेल तर तो काठ चहासारखा आणि पूर्वेचा स्वच्छ, असं दिसतं. गढूळ दिसलं म्हणून घरी परतू नका, पूल ओलांडून पलीकडचा काठ पाहून या.

नदी वाचणं मी मित्राला असं शिकवलं : मासा आळशी आहे असं समज. त्याला जोराच्या धारेत पोहायचं नाही, पण धारेतून येणारं खाणं हवंय. म्हणून तो सीमेवर बसतो. जोराची धार आणि संथ पाणी यांच्या मधे जी सुरकुती दिसते, तिच्या संथ बाजूला. मोठ्या दगडाच्या मागे तर असतोच, पण पुढेही असतो. धार दगडावर आपटून मागे सरते, तिथे एक मऊ उशी तयार होते. कातळाची पायरी जिथे फुटलेली असते आणि पाणी त्या फटीतून खाली ओततं, तिथे पायथ्याशी कमरेएवढी घळ असते. ऑगस्टच्या सकाळी मी पहिलं आमिष तिथेच टाकतो. खळाळ संपून डोह सुरू होतो तो भाग, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ व्हायला लागतं ती शेवटची पट्टी. पहाटे या शेवटच्या पट्टीत घोटाभर पाण्यातही मोठे मासे येतात, म्हणून पाण्यात पाय टाकण्याआधी काठावरूनच दहा वेळा आमिष फेका. बहुतेक लोक ज्या माशांवरून चालत जातात ते मासे शोधायला पुढे जातात.

आमिषांची यादी तुम्हाला अपेक्षित असेल, पण मी थोडक्यात उरकतो. सात फुटी मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, २५०० मापाचं रील, आठ पौंडी दोरी. पहाटे पृष्ठभागावर बुडबुड करत येणारं पॉपर, ऊन चढलं की तीन इंची मऊ प्लॅस्टिकचा शेपटी हलवणारा मासा, त्याला अष्टमांश औंसाचं डोकं. दुसऱ्यात नुसतं रील फिरवायचं असतं, म्हणून नवख्यासाठी तेच. जाणकार तुम्हाला ट्यूब जिग (मऊ प्लॅस्टिकच्या पोकळ नळीचं वजनदार आमिष) सांगतील आणि त्यांचं बरोबर आहे, क्रेफिशची नक्कल त्याहून चांगली होत नाही. पण ट्यूब तळाला घरंगळत न्यावी लागते आणि दगडांच्या फटीत अडकते. पाहुण्याचा अर्धा दिवस दोऱ्या तोडण्यात जाईल.

असं मी २०१६मध्येही ठरवलं होतं, आणि चुकलो. तासाभराने मित्र कंटाळून म्हणाला, तू वापरतोयस ते दे. मी ट्यूब दिली. त्याने रॉड धरला आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर दोरी घेतली, लहानपणी हातदोरीवर घ्यायचो तशी. धारेच्या वरच्या अंगाला तिरपं फेकायचं, दोरी जेमतेम ताणलेली ठेवायची, बाकी काम नदीला करू द्यायचं, एवढंच मी सांगितलं. ट्यूबवर स्मॉलमाउथ हिसका देत नाही, टिचकी मारल्यासारखं होतं किंवा दोरी नुसती जड लागते. मला ते ओळखायला दोन उन्हाळे लागले होते. त्याला ते बोटात येत होतं, कृष्णेतल्या वामेने चाळीस वर्षांपूर्वी शिकवलेलं. तेव्हा तुमचा मित्र कधी गळ घेऊन बसला असेल तर त्याला विचारा, आणि माझी वरची सूचना खुशाल मोडा.

फक्त त्याची एक सवय आधी मोडा. आपल्याकडे चिलापी लागली की आपण काठी वर हिसडून मासा थेट पाठीमागच्या गवतात टाकतो. इथे तसं केलंत तर दोरी तुटेल. स्मॉलमाउथ लागल्यावर आधी उडी मारतो, मग धारेत शिरतो. रीलचा ब्रेक सैल ठेवा, तो पळेल तेव्हा पळू द्या, थांबला की ओढा. माझ्या मित्राचा पहिला मोठा मासा याच हिसक्यात गेला. दोघंही पाच मिनिटं गप्प होतो.

आणि तुमचा रॉड? पहिले दोन तास तो गाडीतच ठेवा. खरंच. हातात रॉड असला की डोळे आपोआप आपल्या दोरीकडे जातात. मी त्या सकाळी नुसता त्याच्या बाजूला उभा राहिलो, "तो पांढरा फेस दिसतोय ना, त्याच्या डावीकडे" एवढंच सांगत. बाकी वेळ गावातल्या कोणाचं काय झालं, कोण गेलं, कोणाच्या मुलीचं लग्न झालं, हे ऐकत होतो. साडेआठच्या सुमाराला घळीतून अठरा इंची मासा आला. माझ्या हातात रॉड नव्हता म्हणून मला ती उडी पूर्ण दिसली.

पुढचा प्रसंग तुमच्यावरही येणारच, म्हणून तयारी ठेवा. मी मासा पाण्यात सोडला तेव्हा मित्र माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसा पाहत राहिला. "सोडलास? एवढं करून?" नियम असा की हॅरिसबर्गच्या वर-खाली सस्क्वेहॅनाचा मोठा पट्टा आणि जुनियाटाचा खालचा भाग इथे बास पकडला की तत्काळ सोडायचा, वर्षभर. त्या वर्षीचं नियमपुस्तक एकदा पाहून जा, पण गेली कित्येक वर्षं हेच आहे. कारणही सांगा त्याला, नाहीतर त्याला ते साहेबी खूळ वाटेल. २००५च्या उन्हाळ्यात या नदीतली पिल्लं अंगावर चट्टे पडून मेली, पुढची काही वर्षंही तेच झालं, आणि मधल्या वयाचे मासेच उरले नाहीत. स्मॉलमाउथ हळू वाढतो. पंधरा इंचांचा मासा पाच-सहा वर्षांचा असतो, वीस इंची तर दहाच्या घरातला. म्हणून हात ओले करून धरा, गळाचे काटे आधीच पक्कडीने दाबून टाका, फोटो एकच. पाणी तापलेलं असताना त्याला बाहेर धरून मोजमाप करत बसू नका. मित्राला रश्श्याची फारच हुरहुर लागली तर दुपारी दुकानातून कॅटफिश आणा. आम्ही तेच केलं. कोकम टाकून बरा झाला होता.

परवाना विसरू नका. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो, पाहुण्यालाही. बाहेरच्यांसाठी एक, तीन आणि सात दिवसांचे परवाने मिळतात. शुक्रवारीच पासपोर्ट घेऊन दुकानातून काढा. कयाक न्यायचीच असेल तर सरकारी घाटावरून उतरवायला वेगळा परवाना लागतो.

संध्याकाळचं बोलायचं राहिलं, आणि तुमची तारीख नशिबाची आहे. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत या नदीवर पांढऱ्या मेफ्लाय नावाचे किडे निघतात. वळवाच्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखांचे किडे येतात ना, तसे, पण मैलभर रुंद पात्रावर आणि बर्फासारखे पांढरे. आठच्या सुमाराला एखाददुसरा दिसतो, सव्वाआठला कानात, नाकात, चहात. पंख फुटल्यावर ते एक रात्रही पुरी जगत नाहीत. मासे वर येऊन चुटुक-चुटुक आवाज करत ते टिपतात, आणि त्या वेळी तुमच्या आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. फ्लायरॉड असेल तर पांढरी फ्लाय (किड्याची हलकी नक्कल) लावा. नसेल तर पांढरं छोटं पॉपर जागच्या जागी थरथरवा, एखादा फसतो. आम्ही त्या संध्याकाळी दहा मिनिटांत नाद सोडला आणि काठावरच्या दगडावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. डोक्याला टॉर्च लावू नका, सगळे तोंडावर येतात. ते आम्ही करून पाहिलं.

शुक्रवारी रात्री वादळी पाऊस झाला आणि शनिवारी मोठी नदी दोन्ही काठांनी तपकिरी असेल तर पेरी काउंटीत शर्मन क्रीकला जा. लहान ओढा आहे, मोठ्या नदीच्या आधी निवळतो, आणि मासे लहान असले तरी तेच आहेत. तोही भरून वाहत असेल तर पाण्यात उतरू नका. थर्मास भरा, डंकॅननच्या वरच्या अंगाला कुठेतरी गाडी लावा आणि संगमावर दोन रंगांचं पाणी बघत बसा. गप्पांना रॉड लागत नाही.